पंखांचे संग्रहालय : इमारत पक्ष्यासारखी असते म्हणजे काय?



आजचा विषय वास्तुकलेतला आहे आणि आम्ही आयुष्यभर शिकवले ते तत्त्वज्ञान. तेव्हा ही उसनवारी कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. 'अमुक वस्तू तमुक वस्तूसारखी आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. आपल्या नैयायिकांनी तर उपमान हे स्वतंत्र प्रमाणच मानले. गवय हा गाईसारखा असतो एवढे ऐकून माणूस रानात जातो, गाईसारखे जनावर दिसते आणि 'हाच तो गवय' असे त्याला कळते. म्हणजे सादृश्यातून ज्ञान होते. आता एखादी इमारत पक्ष्यासारखी आहे असे कुणी सांगितले, तर त्यातून आपल्याला कोणते ज्ञान होते? की नुसतीच मौज वाटते? आज याचा विचार एका खऱ्या इमारतीच्या आधाराने करू.

ती इमारत अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात आहे. शिकागोहून उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर, मिशिगन सरोवराच्या काठी हे शहर वसले आहे. सरोवर म्हणताना डोळ्यांसमोर तळे आणू नका. पलीकडचा काठ दिसत नाही, समुद्रासारखा वारा येतो, लाटा येतात. या काठावर मिलवॉकी आर्ट म्युझियम आहे. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात, १८८८ साली उघडलेल्या लेटन आर्ट गॅलरीपर्यंत जाते. आज संग्रहात तीस हजारांच्या वर कलावस्तू आहेत. जॉर्जिया ओकीफ ही थोर चित्रकर्ती याच राज्यात जन्मली. तिच्या चित्रांचा मोठा संग्रह इथे आहे.

आता जागेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. १९५७ साली या ठिकाणी युद्धस्मारकाची इमारत झाली. वास्तुकार होते एरो सारिनेन. त्याच इमारतीच्या खालच्या भागात संग्रहालयाला जागा मिळाली. पुढे मिसेस हॅरी लिंड ब्रॅडली यांनी आधुनिक कलेचा आपला मोठा संग्रह दिला. त्यासाठी १९७५ साली डेव्हिड केहलर यांच्या आराखड्यानुसार जुन्या इमारतीला जोड दिली गेली. आणि २००१ साली तिसरा भाग उघडला, तो म्हणजे क्वाड्रॅची पॅव्हिलियन. सान्तियागो कालात्रावा या स्पॅनिश वास्तुकाराची अमेरिकेत पूर्ण झालेली ही पहिली इमारत. आपली 'पक्ष्यासारखी' इमारत ती हीच.

बघा, हिचे वर्णन ऐकताना आकडे लक्षात ठेवा. मधोमध काचेच्या छताचे उंच दालन आहे, उंची ९० फूट. त्या छताच्या वर पोलादाच्या ७२ लांब पट्ट्या, दोन्ही बाजूंना मिळून, पिसांसारख्या रांगेने बसवलेल्या आहेत. सर्वांत आखूड पट्टी २६ फुटांची, सर्वांत लांब १०५ फुटांची. सगळ्यांचे मिळून वजन ९० टन. सकाळी संग्रहालय उघडते तेव्हा या पट्ट्या दोन्ही अंगांना उचलल्या जातात आणि पंख पसरतात. पूर्ण पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २१७ फूट भरतात, म्हणजे जम्बो जेट विमानाच्या पंखांएवढा विस्तार. उघडायला किंवा मिटायला साडेतीन मिनिटे लागतात. दुपारी बारा वाजता ते एकदा मिटून पुन्हा उघडतात. संध्याकाळी संग्रहालय बंद होताना मिटतात. ही सगळी खटपट कशासाठी? कागदोपत्री उत्तर एकच आहे: खालच्या काचेच्या दालनात ऊन किती यावे, याचे नियंत्रण. वास्तुकलेत अशा योजनेला फ्रेंच नाव आहे, 'ब्रीझ सोलेय', म्हणजे ऊन अडवणारी. आपण घराला चिक लावतो, त्याचाच हा थोरला भाऊ म्हणा ना!

इथे आपल्या साहित्यशास्त्राची मदत घेऊ. उपमेला चार अंगे असतात हे आपण शाळेत शिकलो. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द. 'मुख चंद्रासारखे सुंदर' यात मुख हे उपमेय, चंद्र हे उपमान, 'सारखे' हा वाचक शब्द आणि सौंदर्य हा दोघांत असलेला समान गुण, तोच साधारण धर्म. उपमेचा सगळा जीव या साधारण धर्मात असतो. मुख आणि चंद्र दोन्ही गोल आहेत असा अर्थ कुणी घेतला, तर कवीने कपाळावर हात मारला असता. तेव्हा इमारतीबद्दलही हाच प्रश्न विचारायचा. उपमेय इमारत, उपमान पक्षी. साधारण धर्म कोणता?

आमच्या मते या प्रश्नाची चार उत्तरे संभवतात आणि ती एकाच पायरीवरची नाहीत.

पहिले उत्तर आकाराचे. इमारत दुरून प्राण्यासारखी दिसते, बस्स. अमेरिकेतच लाँग आयलंडवर १९३१ साली बांधलेली एक बदकाच्या आकाराची इमारत आहे. बदके आणि अंडी विकण्याचे ते दुकान होते. पुढे रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात अशा साऱ्या इमारतींना 'बदक' असेच नाव देऊन टाकले. आपल्याकडे हैदराबादला राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची इमारत चक्क माशाच्या आकाराची आहे. डोळे, शेपूट, सगळे. अशा इमारतींना नाके मुरडण्याचे कारण नाही. त्या आपले काम चोख करतात: आत काय आहे ते रस्त्यावरून सांगतात. पण साधारण धर्म म्हणाल तर तो बाह्यरेषेपुरता. डोळे बंद करून त्या इमारतीत वावरलात, तर माशाचा मागमूस लागणार नाही.

दुसरे उत्तर रचनेचे. इथे प्राण्याचा देह कसा रचला आहे याकडे वास्तुकार पाहतो. स्पेनमधल्या बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय, १९९७ सालचे, फ्रँक गेरी यांचे. गेरींना माशाचे वेड होते, त्यांनी माशांचे दिवे केले, बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर प्रचंड मासा उभा केला. बिल्बाओच्या संग्रहालयाकडे पाहून 'हा मासा' असे कुणी म्हणणार नाही. पण वाकणाऱ्या पृष्ठभागावर टायटॅनियमचे पातळ पत्रे एकमेकांलगत बसवलेले आहेत आणि ढगाळ दिवशी, उन्हात, संध्याकाळी त्यांची चकाकी बदलते. खवल्यांचा गुण तो हाच. सपाट, ताठ तुकड्यांनी वळणदार अंग झाकायचे कसे, हा प्रश्न माशाच्या देहात सुटलेला आहे. मिलवॉकीतही हे आहे. पॅव्हिलियनमधल्या लांब मार्गिकांतून चालताना पांढऱ्या काँक्रीटच्या कमानी एकामागून एक येतात, बरगड्यांसारख्या. भार वाहणारी हाडे झाकायची नाहीत, उलट तीच शोभा म्हणून दाखवायची, हा कालात्रावांचा बाणा.

तिसरे उत्तर वर्तनाचे. प्राणी म्हणजे नुसता आकार नव्हे आणि नुसता सांगाडाही नव्हे. प्राणी काहीतरी *करतो*, आणि भोवतालात काय चालले आहे त्याप्रमाणे करतो. मिलवॉकीची इमारत वेगळी ठरते ती या पायरीवर. इथे गंमत अशी की याच जागेवर पहिली इमारत बांधणाऱ्या सारिनेन यांचेही पंखांचे काम जगप्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कच्या विमानतळावरचे टीडब्ल्यूए टर्मिनल, १९६२ साली उघडलेले, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे दिसते. पण ते पंख काँक्रीटचे, कायमचे पसरलेले. शेजारी चार दशकांनी आलेल्या कालात्रावांनी पंखांना सांधे दिले. ते त्यांनाच सुचावे याला कारण आहे. ते वास्तुकार तर आहेतच, पण स्थापत्य अभियंतेही आहेत. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात १९८१ साली त्यांनी पीएच. डी. साठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच घडी घालता येणाऱ्या सांगाड्यांचा होता. दांडे आणि सांधे असे जोडायचे की सगळी रचना मिटावी आणि उघडावी. म्हणजे वीस वर्षे मनात घोळत असलेल्या गणिताला मिलवॉकीत पंख फुटले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता पंखांवर बसवलेल्या एका साध्या उपकरणाकडे वळू. पट्ट्यांवर वाऱ्याचा वेग मोजणारी संवेदक यंत्रे आहेत. वाऱ्याचा वेग ताशी २३ मैलांच्या, म्हणजे साधारण ३७ किलोमीटरच्या वर गेला आणि तीन सेकंदांहून अधिक काळ तसाच राहिला, की पंख आपोआप मिटू लागतात. कुणी बटण दाबावे लागत नाही.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. पंखांखालच्या त्या मोठ्या दालनाचे नाव 'विंडहोवर हॉल'. विंडहोवर हे केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याचे जुने इंग्रजी नाव. वाऱ्याकडे तोंड करून, पंख हलवत, हा पक्षी हवेत एकाच जागी थांबतो आणि खालच्या गवतातला उंदीर न्याहाळतो. आपल्याकडे शेतावर कापशी घार हेच करताना तुम्ही पाहिली असेल. (दालनाला हे नाव पक्षी पाहून दिलेले नाही बरं का. ज्या क्वाड्रॅची कुटुंबाची मोठी देणगी होती, त्यांच्या प्रतिष्ठानाचेच नाव विंडहोवर. योगायोग कधीकधी वास्तुकारापेक्षा चतुर असतात.) तर वारा आला की केस्ट्रेल काय करतो? पंख पसरतो आणि वाऱ्यावर उभा राहतो. वारा हा त्याचा आधार. आणि वारा वाढला की मिलवॉकीची इमारत काय करते? पंख मिटते. वारा हा तिला धोका.

म्हणजे जिथे उपमा सर्वांत जवळ आली असे वाटते, नेमके तिथेच ती उलटते. आपल्या अलंकारशास्त्रात याला नाव आहे: व्यतिरेक. उपमेय आणि उपमान यांतला फरकच जिथे अर्थपूर्ण होतो, तो अलंकार. पक्ष्याचे घर हवा आहे, इमारतीचे घर जमीन. नव्वद टन पोलाद वाऱ्यावर तरंगू शकत नाही, आणि तरंगण्याचे सोंगही या इमारतीने आणलेले नाही. म्हणून आमचे मत असे, की ही इमारत उघडताना पक्ष्यासारखी दिसते खरी, पण ती सजीवाच्या अधिक जवळ जाते ती मिटताना. स्वतःची मर्यादा ओळखून वेळेवर माघार घेणे, हे कोणत्याही प्राण्याचे पहिले शहाणपण. भर उन्हात गोगलगाय शिंपल्यात जाते, कासव पाय आत घेते. तेच इथे आहे. इमारत पक्ष्याची नक्कल करीत नाही, सजीवाचा एक नियम पाळते.

फरक पाहायचा असेल तर याच वास्तुकाराची दुसरी इमारत पाहा. न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागी कालात्रावांनी बांधलेले रेल्वेस्थानक २०१६ साली उघडले. लहान मुलाच्या हातातून सोडलेला पक्षी, अशी ती कल्पना त्यांनी मांडली होती, आणि मूळ आराखड्यात त्या छताचे पंखही हलणार होते. खर्च कमी करताना ती हालचाल वगळली गेली. पंख राहिले, सांधे गेले. तरीही खर्च चार अब्ज डॉलरच्या आसपास पोचला. आज ते स्थानक भव्य आहे, आत उभे राहिले की मान आपोआप वर जाते, याबद्दल दुमत नाही. पण आपल्या मोजपट्टीवर ते तिसऱ्या पायरीवरून पहिल्या-दुसऱ्या पायरीवर उतरले आहे. पंखाचे काम गेले आणि पंखाची आठवण उरली.

चौथे उत्तर प्रयोजनाचे. हे सर्वांत अवघड, आणि ते समजायला आपल्या परंपरेतले उदाहरण उपयोगी पडते. वैदिक अग्निचयनात श्येनचिती नावाची वेदी असते. श्येन म्हणजे ससाणा. पाच थर, प्रत्येक थरात दोनशे विटा, एकूण हजार विटा, आणि वेदीचे क्षेत्रफळ साडेसात वर्ग पुरुष इतके ठरलेले. ते नेमके साधण्यासाठी शुल्बसूत्रांत विटांचे आकार आणि मापे काटेकोरपणे दिली आहेत. आपल्या भूमितीची एक मोठी शाखा या पक्ष्याच्या पंखांखाली वाढली. आता या विटांच्या ससाण्याला सांधे नाहीत. तो उडत नाही, हलत नाही, जमिनीवरून पाहणाऱ्याला त्याचा पूर्ण आकार धड दिसतही नाही. मग तो ससाणा का? कारण स्वर्गाची कामना करणाऱ्या यजमानाला त्याने वर न्यावे, ही धारणा. साधारण धर्म दिसण्यात नाही, हालचालीतही नाही. तो 'पोचवण्यात' आहे. ज्याला जिथे जायचे आहे तिथे पोचवणे.

हीच मोजपट्टी मिलवॉकीला लावू या. संग्रहालयाच्या पक्ष्याने माणसाला कुठे पोचवायचे? चित्रांपर्यंत. उत्तर इतके साधे आहे की ते विसरले जाते. आणि इथे खऱ्या अडचणी सुरू होतात. पॅव्हिलियनमध्ये स्वागताचे भव्य दालन आहे, बदलत्या प्रदर्शनांची जागा आहे, सभागृह, दुकान, उपाहारगृह आहे. पण कायमचा संग्रह, ज्यासाठी संग्रहालय अस्तित्वात आहे, तो मुख्यतः मागच्या जुन्या इमारतींतच राहिला. म्हणजे पक्षी दारात आणि चित्रे आतल्या घरात. सुरुवातीचा अंदाज साडेतीन कोटी डॉलरचा होता, प्रत्यक्ष खर्च दहा कोटींच्या पलीकडे गेला आणि संस्थेवर कर्जाचा बोजा आला. जुन्या इमारती मात्र म्हाताऱ्या होत होत्या, त्यांना गळती लागली होती, यंत्रणा थकली होती. अखेर साडेतीन कोटींच्याच घरातला, ३.४ कोटी डॉलरचा खर्च करून जुनी दालने नीट केली गेली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये संग्रह नव्या मांडणीसह पुन्हा खुला झाला. पंख उघडल्यापासून चौदा वर्षांनी. टीका करणारे म्हणतात, पंखांवर पैसा उधळला आणि चित्रांच्या डोक्यावरचे छप्पर राहून गेले. या टीकेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही.

पण दुसरी बाजूही ऐकायला हवी. पंख नसते तर जुन्या दालनांच्या दुरुस्तीकडे कुणाचे लक्ष गेले असते का? या इमारतीने मिलवॉकीला चेहरा दिला, शहराची ओळख म्हणून आज हे पंखच छापले जातात. शहराच्या मध्यभागातून येणारा पादचारी पूल थेट संग्रहालयाशी येतो आणि पंख उघडताना पाहायला तिकीट लागत नाही. ज्याने आयुष्यात एकही चित्रदालन पाहिले नाही, असा माणूसही दुपारी बारा वाजता तिथे उभा राहून मान वर करू शकतो. संग्रहालयाचा उंबरठा गरिबाला आणि संकोची माणसाला फार उंच वाटतो, हे आपण आपल्या शहरांतही पाहतो. तो उंबरठा खाली आणणे हे काही लहान काम नाही. प्रश्न एवढाच, की बाहेर मान वर केलेला माणूस पुढे आत गेला का? ओकीफच्या चित्रासमोर थांबला का? पक्ष्याने त्याला पोचवले, की अंगणातच खेळवत ठेवले?

याचे उत्तर वास्तुकार देऊ शकत नाही. पंख उघडल्यावर पुढचे काम संस्थेचे: मांडणीचे, छपराच्या डागडुजीचे, तिकिटाच्या दराचे, शाळेतल्या मुलांना हात धरून आत नेणाऱ्या शिक्षकांचे. श्येनचितीतही विटा रचून भागत नसे, यज्ञ करावा लागे.

तेव्हा यापुढे प्राण्यावरून सुचलेली एखादी नवी इमारत तुम्ही पाहिलीत, आणि अशा इमारती आता आपल्याकडेही होऊ लागल्या आहेत, तर 'कशासारखी दिसते?' एवढ्यावर थांबू नका. तिचा सांगाडा त्या प्राण्याकडून काही शिकला आहे का ते पाहा. ऊन, वारा, पाऊस आला की ती काही करते का, ते विचारा. आणि सरतेशेवटी, ज्या कामासाठी ती बांधली त्या कामापर्यंत ती माणसाला नेते का, याची चौकशी करा. पहिल्या प्रश्नाला डोळे पुरतात. दुसऱ्याला थोडे कुतूहल लागते, तिसऱ्याला तिथे दिवसभर थांबावे लागते. चौथ्यासाठी मात्र पुन्हापुन्हा जावे लागते, आणि दर वेळी आत जावे लागते.

तुमचे काही प्रश्न असतील तर आता जरूर विचारा.